रंगामामांना काढण्याचा अहवाल

"जगातली कुठलीही लढाई सेनापती हरत नाही. ती हरतो त्याचा सहायक. इतिहासाचं कुठलंही पान उघडा, प्रत्येक पराभवाच्या मुळाशी कुणीतरी दुय्यम माणूस उभा असलेला दिसेल. म्हणून ज्या राष्ट्राला, संस्थेला किंवा संघाला वर यायचं आहे, त्यानं वरच्या माणसाला हात न लावता त्याच्या शेजारचा माणूस तत्काळ बदलावा."

हे तेजस्वी विचार विश्वासराव इंगवल्यांनी मला त्यांच्या ट्रॅक्टरच्या शोरूममध्ये मोठ्यानं वाचून दाखवले. विचार माझेच होते. आदल्या रविवारी माझ्या सदरात छापून आले होते आणि मी ते विश्वासरावांची टिंगल करण्यासाठी लिहिले होते. उपरोध या प्रकाराची ही एक अडचण आहे. तो नीट छापला की सल्ल्यासारखाच दिसतो.

"काय लिवलंयसा ओ हेरलेकर," विश्वासराव पेपरची घडी घालत म्हणाले. "डायरेक्ट काळजाला. मी रात्री कमिटीला वाचून दाखवलं. सगळी गप्प."

"विश्वासराव, ते जरा वेगळ्या अर्थानं—"

"अर्थ कळला आम्हाला. आता एक करायचं. कुठला सहायक काढायचा, ते तुम्हीच सांगायचं. चौकशी समिती नेमली आम्ही. अध्यक्ष तुम्ही."

"आणि सदस्य?"

"सदस्य बी तुम्हीच. जास्त माणसं घातली की भांडणं होत्यात."

हे अकरा वर्षांपूर्वीचं. त्या वर्षी कोल्हापुरात पहिल्यांदा व्यावसायिक फुटबॉल संघ उभा राहिला होता. पंचगंगा युनायटेड, मालक विश्वासराव. राज्यातले आठ संघ, घरचे सामने, बाहेरचे सामने, सगळं रीतसर. आमच्या गावात फुटबॉल शंभर वर्षं आहे, पण तो पेठेपेठेचा. तालमीच्या पोरांनी खेळायचा आणि पेठेनं भांडायचा. दोन मोठ्या पेठा. त्यांची नावं मी सांगत नाही, कारण मला अजूनही दोन्हीकडून भाजी आणावी लागते. एकीला वरची म्हणू, दुसरीला खालची. या दोन पेठांची पोरं आयुष्यात पहिल्यांदा एकाच रंगाची जर्सी घालून खेळत होती आणि आठ संघांत आठवी होती. शेवटचा एक सामना उरला होता, नागपूरशी, आमच्याच स्टेडियमवर. तो जिंकला तर संघ लीगमध्ये राहणार. नाहीतर बाहेर, आणि बाहेर गेला तर संघ बंद करून टाकायचा, असं विश्वासरावांनी जाहीर करून ठेवलं होतं.

मुख्य प्रशिक्षकाला काढायची सोय नव्हती. मडगावच्या आग्नेलो सरांना आणलं तेव्हा विश्वासरावांनी त्यांना कोल्हापुरी फेटा बांधून, हलगी लावून, उघड्या जीपमधून गावभर फिरवलं होतं. ज्या माणसाची मिरवणूक निघाली त्याला चार महिन्यांत काढायचं म्हणजे मिरवणूक उलटी काढावी लागली असती. त्यामुळे उरले दोन सहायक. एक निनाद, पुण्याहून पदवी घेऊन आलेला, वय अठ्ठावीस. दुसरे रंगराव सरनाईक, म्हणजे गावाचे रंगामामा. वय एकसष्ट, वरच्या पेठेचे, एकेकाळी असे हाफ की लोक त्यांच्याकडून चेंडू काढून घेण्यापेक्षा घरी जाणं पसंत करत.

"बुधवारी अहवाल द्या," विश्वासराव म्हणाले. "गुरुवारी वाचतो, रविवारी मॅच."

"पण चार दिवसांवर मॅच असताना सहायक बदलून काय होणार?"

विश्वासरावांनी माझ्याच लेखावर बोट ठेवलं. "तत्काळ असं लिवलंयसा तुम्हीच."

सोमवारी सकाळी मी वही घेऊन मैदानावर गेलो. मला फुटबॉलमधलं फारसं कळत नाही, हे मी समितीच्या वतीनं समितीच्या अध्यक्षाला आधीच कळवून ठेवलं होतं.

आग्नेलो सर फळ्यावर खडूनं बाण काढत उभे होते. मला बघून त्यांना बरं वाटलं. फळा समजून घेणारा माणूस त्यांना बऱ्याच दिवसांत भेटला नव्हता.

"हें पळय," ते म्हणाले, "हांगाच्यान इंद्रजित, थंय किरण. एक पास आनी गोल. हांव बाण काढटां, बाण सारको वता. बॉल वचना. चार म्हयने जाले. बॉल खंय वता रे?"

बाण बरोबर जातो, चेंडू जात नाही, हे त्यांच्या कोकणीचं सार. चेंडू कुठं जातो ते मी बघितलं. इंद्रजित, म्हणजे इंद्या, वरच्या पेठेचा. मधल्या फळीत खेळायचा आणि चेंडू त्याच्या पायाला चिकटवल्यासारखा राहायचा. किरण चौगुले, म्हणजे किऱ्या, खालच्या पेठेचा. पुढं, गोलच्या तोंडाशी. इंद्या तिघांना चुकवून पुढं आला. डावीकडं किऱ्या एकटा, हात वर करून उभा. गोलकीपर दुसऱ्या टोकाला. इंद्यानं मान वर करून किऱ्याकडं व्यवस्थित बघितलं, खात्री करून घेतली आणि मागं वळून चेंडू स्वतःच्या गोलकीपरला दिला.

असं सकाळभरात अकरा वेळा झालं. किऱ्याही काही कमी नव्हता. त्याच्याकडं चेंडू चुकून गेलाच, तर तो एकटाच घेऊन कोपऱ्यात जायचा आणि तिथं तो चेंडूसकट संपायचा. पण इंद्याला द्यायचा नाही.

निनादनं मला लॅपटॉपवर रंगीत ठिपके दाखवले. "सर, हा लाल भाग बघा. इथं पासच नाहीत. मी तीन वेगवेगळी सॉफ्टवेअर वापरून बघितली. काहीतरी तांत्रिक कारण असणार."

"पेठेचं कारण नसेल?"

"ते कसं टाकायचं सॉफ्टवेअरमध्ये?" निनादनं प्रामाणिकपणे विचारलं.

रंगामामा या सगळ्यापासून लांब, पलीकडच्या गोलपाशी पाठमोरे बसून फाटलेली जाळी विणत होते. चार महिने सहायक प्रशिक्षक म्हणून हा माणूस जाळी विणतो, अशी कमिटीची तक्रार होती. मी जाऊन शेजारी बसलो.

"या लेखक," ते वर न बघता म्हणाले. "मला काढायला आलाय न्हवं?"

"अजून ठरलं नाही."

"ठरंल, ठरंल. बसा." मग मान न वळवता ओरडले, "इंद्या. डावीकडं बघितलास आन् मागं दिलास. घोट्यात दुखतंय काय?"

मागून इंद्याचा आवाज आला, "न्हाई मामा."

मी मागं वळून बघितलं. मामांनी बघितलं नव्हतं. सुई जाळीतच होती.

"पाठीला डोळे आहेत का तुमच्या?"

"आवाज ओ. दमलेल्या माणसाचा पास येगळा वाजतोय, घाबरलेल्याचा येगळा. रागानं दिला की ठॅक् करतोय. आता ऐका." मागं ठॅक् झालं. "ह्यो किऱ्या. कोपऱ्यात गेला. आता पडंल."

किऱ्या पडला.

सराव संपल्यावर कमिटीची दुसरी तक्रार प्रत्यक्ष बघायला मिळाली. मामांनी बावीस पोरांना हिरवळीवर जोड्यांनी बसवलं, एक वरच्या पेठेचा, एक खालच्या पेठेचा, आणि मधे तेलाची वाटी ठेवली. तालमीत पैलवान एकमेकांचं अंग रगडतात तसं एकानं दुसऱ्याच्या पोटऱ्या चोळायच्या, मग उलट. इंद्या आणि किऱ्याची जोडी पक्की होती. इंद्या किऱ्याच्या पोटऱ्या चोळत होता, पण ज्या आवेशानं चोळत होता त्यावरून तो त्या कायमच्या काढून घ्यायच्या बेतात असावा. किऱ्याच्या डोळ्यांतून पाणी येत होतं. तो आकाशाकडं बघत होता.

"हे कशासाठी मामा?"

"ज्येच्या पोटऱ्या हातानं चोळल्या त्येच्या पायात चेंडू द्यायला माणूस आखडत न्हाई, असं आमचं वस्ताद म्हणायचं."

"मग?"

"चार म्हैनं चोळालेत. वस्तादांचं चुकलं म्हणायचं."

"पण अडचण काय आहे नेमकी? इंद्याला किऱ्याचा राग आहे?"

"रागबिग काय न्हाई ओ. एकाच गल्लीच्या दोन टोकांस्नी वाढलीत. पण इंद्यानं किऱ्याला पास दिला, किऱ्यानं गोल केला, की संध्याकाळी इंद्या कट्ट्यावर जाणार. तिथं त्येला इचारणार, 'काय रं, खालच्या पेठेचं नाव करायला तुला धाडलाय व्हय?' आन् किऱ्याला तिकडं तेच. पोरं कट्ट्याला भ्यात्यात. आग्नेलो सर बाण काढत्यात मैदानात. बाण कट्ट्यावर काढाय पायजे."

मंगळवारी मी पुन्हा गेलो. त्या दिवशी मला अशा काही गोष्टी दिसल्या ज्या कुणाच्याही तक्रारीत नव्हत्या. मामा सगळ्यांच्या आधी येऊन मैदान चालत पालथं घालत आणि खडे वेचून खिशात टाकत. राखीव गोलकीपरच्या आईचं ऑपरेशन होतं. त्याच्याशी मामा फुटबॉलवर एक अक्षर न बोलता तासभर दवाखान्याच्या डब्याविषयी बोलले आणि तो नंतर वाघासारखा झेपावला. निनादला पोरं मागून हसायची, तेव्हा मामा मुद्दाम सगळ्यांसमोर त्याच्याकडं जाऊन, "निनाद सर, तुमच्या त्या ठिपक्यात माझं काय चुकालंय बघा की," असं विचारायचे. निनाद दाखवायचा, मामा गंभीरपणे मान डोलवायचे. त्यामुळे पोरांचं हसणं हळूहळू बंद झालं होतं, असं निनादनंच मला सांगितलं. त्याला वाटत होतं, मामांना सॉफ्टवेअरची आवड आहे.

बुधवारी दुपारी मी अहवाल लिहून टाकला. दोन पानं. निनाद राहावा, मामा राहावेत, आग्नेलो सर राहावेत आणि शक्य असल्यास कमिटी जावी. हा माझ्या मते एक समतोल अहवाल होता. तो घेऊन मी मामांच्या घरी गेलो. त्यांना बरं वाटावं, हा हेतू. स्वतः केलेलं चांगलं काम दाखवायला माणूस कधी कधी फार लांब चालत जातो.

मामा ओट्यावर बसून पोरांच्या बुटांना खिळे मारत होते. अहवाल त्यांनी पहिल्यापासून शेवटपर्यंत वाचला आणि मला परत दिला.

"फाडा."

"काय?"

"झकास लिवलंय. फाडा. आता मी सांगतो तसं लिवा."

"मामा, मी तुम्हाला वाचवतोय."

"त्येच तर नको हाय. कागद हाय न्हवं? लिवा. 'रंगराव सरनाईक यांना तत्काळ काढावे.'"

मी पेन घेतलं नाही. मामांनी ते माझ्या खिशातून काढून माझ्या हातात दिलं.

"'कारण,'" ते म्हणाले आणि हातातल्या बुटात एक खिळा ठोकला. "'कारण पेठांच्या पोरांस्नी कितीबी शिकवलं तरी ती एकत्र खेळू शकत न्हाईत. वरच्या पेठेला डोकं न्हाई आन् खालच्या पेठेला पाय न्हाईत.' तुमच्या शुद्ध भाषेत लिवा. 'ह्यांस्नी फक्त एकमेकांस्नी लाथा घालाय येत्यात. फुडच्या वर्षी समदी पोरं भायेरची आणावीत.'"

"मामा, हे वाचलं तर दोन्ही पेठा माझ्या घरावर येतील."

"येतील की. खाली सही करा. ठळक करा. आन् एक ऱ्हायलं. 'सरनाईक यांना काढावे, कारण ते या पोरांवर विश्वास ठेवतात.'"

"हे शेवटचं वाक्यही तसंच ठेवू?"

"ते तेवढं खरं हाय."

"पण का? हे सगळं कशासाठी?"

"आत्ता सांगितलं तर तुम्ही लिवायचं न्हाईसा. लेखक माणूस. फुडं गोल झाला तर सांगतो."

"आणि नाही झाला तर?"

मामांनी तोंडातला खिळा काढला. "तर मग मी खरंच नालायक होतो असं धरा. तुमचा अहवाल बरोबरच हुईल."

सहायक प्रशिक्षक हे त्या माणसाला आयुष्यात मिळालेलं एकमेव पद होतं. चाळीस वर्षं तो पेठेपेठेत सांगत फिरला होता की दोन्हीकडची पोरं एकत्र केली तर राज्यात कुणी उभं राहणार नाही. ते ऐकून वरच्या पेठेनं त्याला फितूर म्हटलं आणि खालच्या पेठेनं हेर. ते पद तो माझ्याकडून सही करून काढून टाकत होता आणि मला नीट अक्षर काढायला सांगत होता. मी सही केली. ठळक केली.

विश्वासरावांना अहवाल अतिशय आवडला. गुरुवारी सकाळी त्यांनी तो मैदानाच्या मधोमध, हातात माइक घेऊन, सगळ्या पोरांसमोर वाचला. मी मागं आग्नेलो सरांच्या फळ्याआड उभा होतो. "डोके नाही" आलं तेव्हा वरची पेठ विश्वासरावांकडं बघायला लागली. "पाय नाहीत" आलं तेव्हा खालची. "बाहेरची आणावीत" आलं तेव्हा सगळीच बघायला लागली. शेवटी सहीतलं माझं नाव आलं, मग त्यांनी फळ्याकडं बघितलं. फळा अरुंद होता.

मामा पुढं आले, पायातले बूट काढून विश्वासरावांच्या पायाशी ठेवले आणि अनवाणी मैदानाच्या कडेनं चालत गेटबाहेर गेले. मी त्यांना तीस वर्षं ओळखतो. इतकं वाईट नाटक त्यांनी कधी केलं नव्हतं, आणि इतकं चांगलं बसलेलंही मी कधी बघितलं नाही.

इंद्या म्हणाला, "काय रं किऱ्या, आमच्या मामाला काढलं ह्यांनी."

किऱ्या म्हणाला, "तुमच्या कशाला? आमाला पाय न्हाईत म्हणतंय ते बेणं."

"बेणं" म्हणजे मी. चार महिन्यांत त्या दोघांत झालेलं हे पहिलं संभाषण.

शुक्रवारी पहाटे आमच्या गल्लीच्या तोंडाला फ्लेक्स लागला. वीस फुटी. वर "जाहीर निषेध," मधे माझा फोटो, पुरस्कार घेतानाचा. इतका चांगला फोटो माझा त्याआधीही कुठं छापून आला नाही आणि नंतरही नाही. खाली "कलमबहाद्दर हेरलेकर यांचा." आणि त्याखाली, डाव्या बाजूला वरच्या पेठेच्या तालमीच्या कार्यकर्त्यांचे सतरा फोटो, उजव्या बाजूला खालच्या पेठेच्या तालमीच्या कार्यकर्त्यांचे सतरा फोटो. सगळ्यांच्या डोळ्यांवर गॉगल.

दहा वाजता हलगी वाजवत मोर्चा आला. वरच्या पेठेचे लोक पुढची ओळ म्हणायचे, खालच्या पेठेचे मागची. माझ्या नावाला यमक जुळवायला त्यांना त्रास पडत होता, पण जुळवत होते, एकमेकांना सुचवत होते. आमच्या सौभाग्यवती विमलताई खिडकीतून बघत होत्या.

"अहो," त्या म्हणाल्या, "हे लोक एकमेकांच्या घोषणेला साथ देतायत."

"माझ्याविरुद्ध देतायत."

"ते कळलं. पण देतायत." त्या आत गेल्या आणि मोर्चासाठी पाण्याची घागर बाहेर ठेवून आल्या. मोर्चा पाणी प्यायला. एकाच तांब्यानं.

शनिवारी दूधवाला आला नाही. तो वरच्या पेठेचा. न्हावी म्हणाला, दुकान बंद आहे. तो खालच्या पेठेचा आणि खुर्चीत एक गिऱ्हाईक अर्धं केलेलं बसलं होतं. मी वाढलेल्या दाढीनिशी रविवार गाठला.

स्टेडियमवर मी डोक्याला मफलर गुंडाळून, सगळ्यात वरच्या पायरीच्या एक पायरी खाली बसलो. ती मॅच आम्ही दोन-एकनं जिंकली, हे इथंच सांगून टाकतो, म्हणजे वाचकाचं लक्ष महत्त्वाच्या गोष्टीकडं राहील.

पहिली वीस मिनिटं नागपूरनं आम्हाला फिरू दिलं नाही आणि एक गोल केला. मग इंद्यानं चेंडू घेतला, एकाला चुकवलं, दुसऱ्याला चुकवलं. डावीकडं किऱ्या हात वर करून उभा होता. इंद्यानं मान वर केली. सगळ्या स्टेडियमला, म्हणजे दोन्ही पेठांना, पुढं काय होणार ते माहीत होतं. पुढच्या रांगेत कट्ट्यावरचे दोन्हीकडचे लोक, हलग्यांसकट, शेजारी शेजारी बसले होते. जागा कमी म्हणून नव्हे, परवाच्या मोर्चात चालले होते तसेच.

"दे त्येला," त्यांच्यातला एक ओरडला. वरच्या पेठेचा होता. "दे की रं, दाव त्या हेरलेकरला."

इंद्यानं दिला. मला चेंडूतलं कळत नाही, पण तो ठॅक् वाजला नाही. हलकासा, दार लोटल्यासारखा आवाज झाला. किऱ्यानं थांबवलाही नाही, तसाच जाळ्यात घातला.

खाली आग्नेलो सर फळ्याकडं आणि मैदानाकडं आळीपाळीनं बघत राहिले. मग त्यांनी खडू उचलला आणि फळ्यावरच्या बाणाला हळूच हात लावून बघितला.

गोल केल्यावर किऱ्या इंद्याकडं धावला. दोघं मिळून गॅलरीकडं आले आणि सगळ्या गर्दीत मला शोधू लागले. मी मफलर आणखी वर घेतला.

"सापडायचं न्हाईसा," मागच्या पायरीवरून कुणीतरी म्हणालं. "पण नाक जरा झाका."

रंगामामा. पायात साधी चप्पल, हातात शेंगदाण्याची पुडी, तिकीट काढून आलेले.

"गोल झाला," मी म्हणालो. "आता सांगा."

"काय सांगायचं? बघालाय न्हवं. दोन माणसं एकमेकांकडं तोंड करून उभी असली की ती भांडत्यात. एका बाजूला तोंड करून उभी केली की खेळत्यात. चाळीस वर्षं मी त्यांस्नी समजावून सांगालतो. समजुतीनं काय हुतंय? त्यांस्नी दुसरं कुणीतरी बघाय दिलं पायजे हुतं. माझ्यासाठी खालची पेठ रडली नसती. त्यांच्या पायांसाठी रडली. आन् वरची माझ्यासाठी."

"आणि मी?"

"तुमच्यासारखा माणूस शोधून मिळला नसता. दोन्हीकडं ओळख हाय, दोन्हीकडं शिव्या देण्यासारखं तोंड हाय. विश्वासरावला शिव्या दिल्या असत्या, पर त्यो समद्यांस्नी उधारीवर ट्रॅक्टर देतोय."

सत्तराव्या मिनिटाला दुसरा गोल झाला. यावेळी किऱ्यानं दिला, इंद्यानं घातला. खालच्या पेठेची हलगी वाजली. इंद्यासाठी वाजली. मामांनी शेंगदाणे चावायचे थांबवले. मी वळून बघितलं तर ते मैदानाकडं बघत नव्हते. डोळे मिटून बसले होते आणि ऐकत होते. पुडी हातात तशीच.

"मामा," मी म्हणालो, "उद्या सकाळी मी विश्वासरावांकडं जातो. सगळं खरं सांगतो. तुम्हाला परत घ्यायला लावतो. नाही घेतलं तर पेपरात लिहितो."

त्यांनी डोळे उघडले. "आन् मग काय हुईल?"

"तुम्ही परत सहायक व्हाल."

"आन् पोरांस्नी कळंल की हेरलेकर चांगला माणूस हाय. मामानं बनवलं आपल्याला. मग ती कुणाकडं बघतील? परत एकमेकांकडं." त्यांनी एक दाणा सोलला. "नव्या वर्षी त्या निनादला फुडं करा. शिकतोय पोरगं. मी वरनं बघतो, तिकीट काढून. तुम्ही धा वर्षं तोंड उघडायचं न्हाई."

"दहा?"

"ही पोरं खेळायची थांबंस्तोवर. कट्ट्यावर कुणी इचारलं तर सांगायचं, व्हय, मीच लिवलं, आन् बरोबर लिवलं. मधनं मधनं सदरात एखादी शिवी देत ऱ्हावा दोन्ही पेठांस्नी. आटवण ऱ्हाईल."

मी दहा वर्षं पाळलं. अकरावं वर्ष आळसात गेलं. त्या काळात माझ्याविरुद्ध एकूण सहा फ्लेक्स लागले, सगळे संयुक्त. संघ लीगमध्ये टिकला, तिसऱ्या वर्षी दुसरा आला. किऱ्याच्या पोरीच्या बारशाला इंद्या आत्याबाईंच्या शेजारी पाळण्याची दोरी धरून उभा होता, असं मला आमच्या दूधवाल्यानं सांगितलं. म्हणजे दूध तिसऱ्या महिन्यात सुरू झालं. बारशाला मला बोलावणं नव्हतं, हे सांगायला नकोच.

पण हे सगळं पुढचं. त्या दुपारी अजून चार मिनिटं बाकी होती. नागपूरला कॉर्नर मिळाला होता. सगळं स्टेडियम त्या कोपऱ्याकडं बघत होतं आणि माझ्या मनात भलतंच काही दाटून आलं होतं. पन्नास वर्षं मी माणसांची टिंगल करून पोट भरलं. मोठी म्हणवणारी माणसं जवळून बघितली, बहुतेकांच्या मोठेपणाला मागून दोऱ्या बांधलेल्या बघितल्या. आणि माझ्या मागच्या पायरीवर एक माणूस साधी चप्पल घालून बसला होता, ज्यानं आपलं एकुलतं पद, आपलं नाव आणि माझं नाव एका पासमध्ये घालून टाकलं होतं आणि त्याबद्दल कुणी टाळीही वाजवू नये याची व्यवस्था केली होती. आयुष्यात एकदा तरी, उपरोध न करता, कुणापुढं तरी मान झुकवून बोलावं असं मला वाटलं. मी मफलर सोडला. उठून उभा राहिलो. वळलो. हात जोडले.

"मामा," मी म्हणालो, "आजवर मी कुणालाही—"

"लेखक," मामा माझ्या कमरेच्या बाजूनं मान काढत म्हणाले, "खाली बसा की जरा. कॉर्नर दिसंना झालाय."